मोटारासुराचं अस्तर

पारूमावशीचं अस्तर कच्चं नव्हतं. हे वाक्य आधीच लिहून टाकतो, कारण पुढे मी नेहमीप्रमाणे घराचं, जेवणाखाण्याचं आणि माणसांचं सांगत बसेन आणि मुद्दा राहून जाईल. आयुष्यभर तो तसाच राहत आला आहे. जव्हारच्या आमच्या आळीत अजूनही भिंतीचा पोपडा निघाला, नव्या चपलेचा रंग पायाला लागला किंवा कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं, की जुनी माणसं म्हणतात, "पारूबायचं अस्तर, दुसरं काय." तरुण पोरांना ही पारूबाय कोण ते माहीत नाही. त्यांना वाटतं, बोलायची अशी रीतच आहे. ती रीत एका खोट्या वाक्यातून पडली आणि ते वाक्य माझं होतं.

आमचा पाडा खोडाळ्याच्या पुढे, डोंगराच्या कुशीत. भावंडांत सगळ्यात मोठा मी आणि नाव लहानू. पाड्यावरची शाळा जिथे संपत होती तिथेच माझं शिक्षणही संपायचं होतं, पण आईची धाकटी बहीण पारू जव्हारला दिली होती आणि तिने निरोप धाडला, की पोऱ्याला इकडे पाठवा, इथे कागद कुटायला हात हवाच आहे. तेव्हा मी हायस्कुलात गेलो तो खरं तर उखळासाठी. मावशीचे यजमान रघुकाका बोहाड्याचे मुखवटे करायचे आणि एरवी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. बोहाडा म्हणजे आमच्याकडचा देवीचा उत्सव. देवांची आणि दैत्यांची सोंगं तोंडाला मुखवटे बांधून संबळ आणि पिपाणीच्या तालावर आळीतून नाचत जातात. कुठलं सोंग कुठल्या घराचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. माझ्यासारख्या पाहुण्या पोराच्या वाट्याला त्यातलं काहीच यायचं नाही. मी रद्दी भिजवायची, कुटायची आणि सोंगांच्या मागून टाळ्या वाजवत जायचं.

ओसरीच्या भिंतीवर खुंट्यांना मुखवटे टांगलेले असायचे आणि रावणाच्या बरोबर खाली माझं अंथरूण. रावणाला दहा तोंडं होती, पण घोरायचे ते फक्त काका. सकाळी जाग यायची ती उखळातल्या ओल्या कागदाच्या थपथप आवाजाने. चुलीवर एका मडक्यात नागलीची आंबील आणि दुसऱ्यात चिंचोक्याची खळ रटरटत असायची. दोन्हींचा रंग एक, दाटपणा एक. काका एकदा घाईत खळीचा पेला पिऊन बसले. मग संध्याकाळपर्यंत त्यांचे ओठ एकमेकांना सोडायला तयार नव्हते. मावशी म्हणाली, लग्न झाल्यापासून घरात एवढी शांतता पहिल्यांदाच आहे. दुपारी नागलीची भाकर, उडदाची डाळ आणि वर सुकटीची चटणी. ती चटणी आठवली की आजही माझ्या तोंडाला पाणी सुटतं, आणि डॉक्टरने मीठ बंद केलं आहे याचा राग येतो.

काकांना सगळे कलाकार म्हणत आणि मावशी काकांना मदत करते असं म्हणत. प्रत्यक्षात कागद लावायची ती, खळ शिजवायची ती आणि अस्तर द्यायची तीच. अस्तर म्हणजे रंगाच्या खालचा थर. खडूची वस्त्रगाळ पूड खळीत कालवायची आणि मुखवट्यावर पातळ हात फिरवायचा. तो वाळला की ओल्या फडक्याने घोटायचा आणि मग पुन्हा हात. तिचं अस्तर नखाने खरवडलं तर नखाचाच चुरा निघायचा. मी घाई केली की ती मुकाट्याने माझ्या हातातला कुंचला काढून घ्यायची. म्हणायची, घाई केली का अस्तराला कळतं. यानंतरचं रंगकाम काकांचं आणि सगळ्यात शेवटी डोळे. आमच्या घरचा नेम असा, की डोळे काढले म्हणजे सोंग जागं झालं. मग त्याच्यापुढे नारळ फोडायचा, तोंडावर फडकं टाकायचं आणि ते बोहाड्यात नाचवूनच आणायचं. जागं झालेलं सोंग न नाचवता घरात ठेवलं तर ते घरातल्या माणसांना नाचवतं, असं मावशीचं म्हणणं होतं. काकांना रोज नाचवणारी ती, त्यामुळे तिला त्यातलं कळत असणार.

आमच्या भिंतीला भिंत लागून अब्बासचं घर. त्याचे वडील भांड्यांना कल्हई करायचे आणि पत्र्याच्या बादल्या जोडायचे. अब्बास माझ्या वर्गात होता. त्याच्या आईला मी खाला म्हणायचो. आमच्याकडून तिकडे घावन जायचे आणि तिकडून ईदचा शीरखुर्मा यायचा, मधल्या भिंतीवरून, पातेल्यासकट. अब्बासचा थोरला भाऊ यूसुफभाई बोटीवर खलाशी होता. तो आमचा देवच होता. सुट्टीवर आला की ओट्यावर बसून परदेशातल्या बंदरांच्या गोष्टी सांगायचा आणि आम्ही दोघं भाकर खायची विसरायचो. हे घडलं त्या साली त्याच्या बोटीवरचा एक सोबती मधेच घरी परतला आणि वाट वाकडी करून जव्हारला एक खोकं देऊन गेला. यूसुफभाईचा निरोप होता, की आत मोटार आहे, मी येईपर्यंत जोडून, तांबडी रंगवून ठेवा. बोहाडा संपेल त्या दिवशीच्या गाडीने मी येतो. दारातून आत शिरताना समोरच्या कोनाड्यात मला माझी मोटार दिसली पाहिजे.

खोक्याच्या झाकणावर तांबड्या मोटारीचं चित्र होतं. मागच्या चाकांखालून धूर निघतोय आणि नाक असं पुढे काढलेलं, की कुणाला तरी मारायलाच चालली आहे. अशा गाडीला तिकडे मसल कार म्हणतात, असं तो सोबती म्हणाला होता. म्हणजे पैलवान गाडी. अब्बासच्या वडिलांनी विचारलं, माणसं किती बसतात. दोन, असं सांगितल्यावर त्यांचा तिच्यातला रस संपला. मग आम्ही झाकण उघडलं आणि खालाने डोळ्याला पदर लावला, कारण आत मोटार नव्हती. प्लास्टिकच्या चौकटींना कैऱ्यांसारखे लटकलेले बारीक बारीक तुकडे होते. एवढ्या लांबून आलेली वस्तू बोटीवर फुटली असंच तिला वाटलं. ती मुद्दाम तुकड्यांत येते आणि आपण ती जोडायची असते, हे तिला पटेना. दुकानदाराने अर्धं काम गिऱ्हाइकावर ढकललं आहे, हे तिचं मत अखेरपर्यंत कायम राहिलं.

जोडणीचा कागद इंग्रजीत होता, आणि आळीत इंग्रजीचं पुस्तक छातीशी धरून हिंडणारा मी. काम आपसूक माझ्याकडे आलं आणि खोकं आमच्या ओसरीवर. सोबत आलेली गोंदाची नळी वाटेत वाळून दगड झाली होती. सरस लावून पाहिला, तर तुकडे रात्रभर धरून बसायचे आणि सकाळी सुटायचे. शेवटी अब्बासने सायकलवाल्याकडून पंक्चरचं सोल्युशन आणलं. त्याने सगळं चिकटलं. मोटार मोटारीला चिकटली आणि आम्ही दोघं मोटारीला. जिथे हात लावू तिथून कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे निघायचे. काका पाट्या रंगवता रंगवता आमच्याकडे बघायचे. इंजिनाचे तुकडे जोडून आम्ही ते मोटारीच्या झाकणाखाली बसवलं, तेव्हा त्यांनी विचारलं, जे दिसणारच नाही ते एवढं सुबक कशाला करायचं. मी म्हटलं, कागदात तसं लिहिलं आहे. कागदात एक मात्र ढळढळीत चूक मला सापडली. स्टिअरिंग डावीकडे दाखवलं होतं. नाशिकहून येणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर रोज उजवीकडे बसलेला मी पाहत होतो. मी करवतीच्या पात्याने स्टिअरिंगची जागा कापली, ते उजवीकडे बसवलं आणि अमेरिकेची चूक दुरुस्त केली.

त्यानंतरच्या ओळीत लिहिलं होतं, रंगाआधी अस्तर द्या. ते वाचून मला हायसं वाटलं. सगळ्या कागदात ओळखीचं असं तेवढंच निघालं. मावशीला सांगितलं. तिने मोटार उलटीपालटी करून पाहिली, वास घेतला आणि खळीचं मडकं ओढलं. पहिला हात दिला आणि तो दह्यावरच्या निवळीसारखा घसरून खाली आला. दुसराही तसाच. मावशीने आयुष्यात लाकडाला, कागदाला, एकदा तर काकांच्या मोडलेल्या हाताला अस्तर दिलं होतं. पण अंगाला काही लागूच न देणारी वस्तू तिने पहिल्यांदा पाहिली. ती म्हणाली, "ही तेलकट हाय. हिला आधी न्हाऊ घालाया पायजे." मग तिने मोटार राखेने आणि नारळाच्या किशीने भांड्यासारखी घासली, धुतली, उन्हात ठेवली. चकाकी गेली, आणि अस्तर असं धरलं, की सुटायचं नाव नाही. उलट पहिल्या उत्साहात तिने इतकं दिलं की दारं बुजली, जाळी बुजली आणि मोटारीचं रताळं झालं. तिने ते सगळं धुऊन पुन्हा पातळ हात द्यायला घेतले. प्रत्येक हात वाळला की साळिंदराच्या काट्याने दारांच्या फटी आणि नाकाची जाळी मोकळी करायची. नाकपुड्या बुजल्या तर सोंग श्वास कसा घेईल, असं ती पुटपुटत होती. तिच्या लेखी ते सोंग त्याच दिवशी झालं होतं. आमच्या ते लक्षात आलं नाही.

माझा नातू नाशिकला असतो. त्याला या गाड्यांचा भारी नाद. फवाऱ्याचा डबा घेऊन गॅलरीत बसतो, प्लास्टिक आधी साबणाने धुतो, बारीक पॉलिश कागदाने घासतो, मग पातळ पातळ हात देतो. त्याला हे मोबाइलवर कुणी परदेशी माणूस शिकवतो. मागच्या दिवाळीत मी त्याच्याजवळ बसून सगळं पाहिलं. राख आणि किशी तेवढी दिसली नाही.

रंगवायला काकांनी मोटार मागून घेतली. तांबडा रंग बघून त्यांच्याने राहवेना. आम्ही शाळेत गेलो होतो. परत येऊन पाहतो तर ओसरीवर मोटार तांबडी लखलखीत, आणि तिला डोळे. आज मला काकांना दोष देववत नाही. समोरून ती मोटार म्हणजे तोंडच होतं. जाळीचे दात, पुढे आलेलं कपाळ आणि दोन्ही कडांना दिव्यांच्या रिकाम्या खोबणी. आयुष्यभर रिकाम्या खोबणी भरत आलेला हात आपोआप तिकडे गेला. पांढरा डोळा, मध्ये काळं बुबुळ, कोपऱ्यात तांबडी रेघ. डोळे हाताने काढले, हे मी मानतो. मिशी मात्र त्यांनी समजून उमजून काढली. देव असो की दैत्य, मिशीवाचून चेहरा त्यांना अर्धवट वाटायचा.

मावशी पाण्याची घागर घेऊन आत आली, थांबली, तिने घागर खाली ठेवली.

"डोळं काढलं?"

"हातानं काढलं," काका म्हणाले.

"मंग आता नाचवा."

तिने मोटारीवर फडकं टाकलं आणि नारळ शोधायला गेली. मी म्हटलं, मावशी, ही अब्बासच्या भावाची मोटार आहे. ती म्हणाली, असल, पण जागी आमच्या घरात झाली. मग भिंतीवरून खालाला बोलावलं. खालाने फडकं वर करून पाहिलं आणि पटकन खाली सोडलं. मिशी बघून ती हसेल असं वाटलं होतं, पण तिचा चेहरा उतरला.

"पारूबाय, ही डोळेवाली चीज मी कोनाड्यात कशी ठेवू? त्याच खोलीत आम्ही नमाज पढतो."

म्हणजे आमच्या घरात ती न नाचता राहू शकत नव्हती आणि त्यांच्या घरात डोळ्यांसकट शिरू शकत नव्हती. यूसुफभाईला तर ती दारातून दिसायला हवी होती. अब्बास म्हणाला, डोळे पुसून टाका. त्यावर मावशीने खालाकडे पाहून विचारलं, उघडलेले डोळे बुजवून, लेकाची मोटार आंधळी करून त्याच्या हातात देऊ का. खालाचा लेक समुद्रावर. तिने कानाला हात लावले. दोघीजणी भिंतीच्या दोन बाजूंना उभ्या राहून बराच वेळ बोलल्या. काका, अब्बासचे वडील आणि आम्ही दोघं निकालाची वाट बघत ओट्यावर बसलो. ठरलं ते असं. नाचून आलेलं सोंग झोपतं. झोपलेल्याच्या डोळ्यांवर पिवळा हात द्यायला हरकत नाही, म्हणजे त्यांचे दिवे होतील. मिशीवर तांबडा हात. तेव्हा बोहाड्याच्या शेवटच्या सकाळी, देवीच्या पालखीच्या आधी, मोटार देवळापासून अब्बासच्या दारापर्यंत नाचवायची आणि तिथून परत फिरायचं. यूसुफभाईची गाडी दुपारची. तोवर डोळे वाळलेले असतील.

आता नाचवणार कोण? हे सोंग कुठल्याच घराचं नव्हतं, म्हणून ते ज्याला कुठलंच सोंग नव्हतं त्याच्याकडे आलं. काकांनी बांबूच्या कामट्यांची चौकट करून मोटार माझ्या कपाळावर फेट्याने आवळून बांधली. मावशीने ती हलवून पाहिली आणि बजावलं, "अब्बासच्या दारापोत जायाचं आन् माघारी. देवी मागं उभी ऱ्हाते, ध्यानात ठेव." मी मान हलवली. मोटारही हलली.

देवळासमोर सोंग पुकारणाऱ्याने विचारलं, हे कुणाचं सोंग. गर्दीतून अब्बास ओरडला, "मोटारासुर!" संबळ कडाडला. पिपाणीवाल्याने क्षणभर विचार केला आणि दैत्यांची चाल धरली. पुढचं मला नीट सांगता यायचं नाही. ज्या आळीतून मी रोज रद्दीचं ओझं घेऊन जायचो, त्या आळीत माझ्यासाठी वाजत होतं. माणसं आधी हसली, मग मागे सरली, मग वाकून बघायला लागली. अब्बासचं दार आलं. खाला हसून मागे फिरायची खूण करत होती. अब्बासने माझा सदरा ओढला आणि म्हणाला, "लहान्या, झालं, फिर आता." पण पुढच्या दारात एक बाई ओवाळायला ताट घेऊन उभी होती. तिला नाही कसं म्हणायचं? तिच्या पुढच्या दारात दोघी होत्या. आमच्या भागात पाऊस संपला की अर्धी माणसं ट्रकने, बसने, मिळेल त्या मोटारीने कामाला भिवंडी, ठाणे, मुंबईकडे जातात. देवांना तोटा नव्हता, पण मोटारीचा म्हणून कुणी देव तोवर आलेला नव्हता. एकीने मागितलं, संध्याकाळची बस घाटात बंद पडू नये. दुसरी म्हणाली, कंडक्टरने कोंबडीचं तिकीट मागू नये. मी सगळ्यांना मान हलवून वर देत गेलो. मागे देवीची पालखी थांबली होती.

आळीच्या टोकाला वावर गावची एक म्हातारी होती. लेक रेती काढायला गेलेला, म्हणून ती त्या दिवसांत नातेवाइकांकडे राहत होती. तिला नीट दिसत नव्हतं. तिच्या ताटात कापराची भली मोठी ढेप पेटलेली. तिने ताट माझ्या कपाळापर्यंत उचललं आणि हळू आवाजात मोटारीशी बोलायला लागली. "माजा पोऱ्या तुज्या पाठीवं बसून गेलाय. त्याला तसाच आणून घाल." तिचं बोलणं संपेना आणि मला हलवेना. हलवेना यात थोडी माया होती हे खरं, पण सगळी आळी बघत होती हेही खरं. जळक्या फणीसारखा वास आला. मला वाटलं, धूप असेल. अब्बासने धावत येऊन मला मागे ओढलं तेव्हा माझी उजवी भुवई गेली होती.

फेटा सोडून मोटार खाली घेतली. प्लास्टिक मऊ होऊन तिचं नाक खाली बसलं होतं. एक चाक आत वळलं होतं. एक डोळा जमिनीकडे, दुसरा आभाळाकडे. दातांची जाळी एका बाजूला हसल्यासारखी लोंबत होती. रंगाला सुरकुत्या पडल्या होत्या, म्हाताऱ्या माणसाच्या कातडीला पडतात तशा. टवका मात्र कुठेच उडाला नव्हता. हे मी तेव्हाच पाहिलं होतं.

त्या दिवशी नेमकी गाडी वेळेआधी आली. म्हातारीचं मागणं पोचलं ते भलत्याच ठिकाणी. आम्ही दारात येतो तर यूसुफभाई ट्रंकेवर बसलेला, नव्या शर्टात, आणि त्याने माझ्यासाठीही एक तसाच शर्ट आणलेला मांडीवर. कोनाडा पुसून खालाने त्यावर क्रोशाचा रुमाल घातला होता. तो रिकामा होता. यूसुफभाईने माझ्या हातातली मोटार घेतली आणि फिरवून फिरवून पाहिली.

"ही अशी कशाने झाली, लहानू?"

सगळे उभे होते. काका, खाला, अब्बास, निम्मी आळी. पाव्हण्याच्या पायांवर घालायला पाण्याचा तांब्या घेऊन मावशीही उभी होती. फिर म्हटलं होतं तेव्हा मी फिरलो नाही, हे सांगायला फार शब्द लागणार नव्हते.

"अस्तर कच्चं राहिलं," मी म्हणालो.

मावशीने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर भुवई एकच होती. मग ती यूसुफभाईला म्हणाली, "औंदाचे चिंचोके कोवळे निघाले, बाबा," आणि तांब्या खाली ठेवून आत गेली.

यूसुफभाई रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. तो हसत सुटला. त्याने खरी मोटार जिथे पाहिली होती तिथे ती अशीच होती म्हणे, बंदरामागच्या भंगारात, नाक बसलेली, चाक आत वळलेलं. खोक्याच्या झाकणावरची धड मोटार त्याने कधी पाहिलीच नव्हती. ज्या मोटारीसाठी आळीभर ओवाळण्या झाल्या तिला कोनाड्यात कोंडायची नाही, असं त्याने ठरवलं आणि ती दर साली नाचवायला काकांच्या हातात दिली. कोनाड्यात खालाने त्याने आणलेलं घड्याळ ठेवलं. तक्रार त्याने एकच केली, स्टिअरिंग चुकीच्या बाजूला कुणी लावलं. सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. तेवढं एक पाप माझ्या नावावर नीट नोंदलं गेलं.

आळीने बाकी सगळं विसरून अस्तराचं तेवढं एक वाक्य उचललं. पुढच्या साली देवीच्या मुखवट्याचं अस्तर दुसऱ्या घराला दिलं गेलं. मावशी म्हणाली, बरं झालं, तेवढाच हाताला आराम. आणि खडू कुटायला बसली. त्या साली तिने पाटाला अस्तर दिलं, उखळाच्या मुसळाला दिलं, आढ्याला टांगलेल्या सुक्या भोपळ्यालाही दिलं. भोपळा अजून आहे. काही सालांनी त्या दुसऱ्या घराच्या अस्तराने ऐन पालखीत देवीच्या नाकाचा शेंडा प्रसादाच्या ताटात सोडला आणि काम मुकाट परत आलं. बोलायची रीत मात्र राहिली. मी चित्रकलेचा मास्तर झालो आणि जन्मभर पोरांना अस्तर कसं द्यायचं ते शिकवलं, राखेपासून. कुणाकडून शिकलो ते सांगितलं नाही, कारण ते सांगायला घेतलं की पुढचंही सांगावं लागलं असतं. मावशीला सांगायचा प्रयत्न एकदा केला. ती जेवायला वाढत होती. मी म्हटलं, मावशी, त्या दिवशी मोटारीचं. ती म्हणाली, "भुवई आली नव्हं? झालं मंग," आणि पानात सुकटीची चटणी वाढली. चटणीपुढे माझं बोलणं नेहमीच अडतं. ती गेली तेव्हाही ते तसंच अडकलेलं होतं.

यंदा नातू बोहाड्याला आला आणि मुखवट्यांच्या पेटीतून मोटार काढून बसला. दर सालच्या नाचण्याने तिला तेल, हळद, कुंकू लागलेलं. तिला धुऊन नवी करायची असं त्याच्या मनात होतं. त्याने नखाने खरवडलं, मग चिकटपट्टी लावून ओढली, मग त्याच्या कसल्याशा पाण्यात एक चाक बुडवून ठेवलं. संध्याकाळी मला विचारायला आला, "आजोबा, हे प्रायमर कुठल्या कंपनीचं?"

शेवटच्या सकाळी मी देवळासमोर गेलो. आता सोंगं माइकवर पुकारतात. पुकारणारा पोरगा माझाच विद्यार्थी. त्याला म्हटलं, मोटारासुर मी पुकारतो. माझ्या हातात माइक देताना तो थोडा घाबरला, म्हातारे एकदा बोलायला लागले की पालखीला उशीर होतो हे त्याला माहीत होतं. संबळवाला थांबला. मी म्हणालो, "मोटारासुराचं सोंग येतंय. रंग रघुकाकांचा. अस्तर पारूबायचं, आणि ते पक्कं होतं. नाक बसलं ते कापराने. फिर म्हटल्यावर सोंग फिरलं नाही म्हणून. सोंग लहानूचं होतं."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. पारूबाय हे माणसाचं नाव आहे हे त्यांना तेव्हा कळत होतं. देवळाच्या कठड्यावर अब्बास बसला होता, दात नसलेला, माझ्यापेक्षाही म्हातारा दिसणारा. त्याने हात तोंडाशी धरला आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं विचारलं, "काय रं लहान्या, वाळलं का एकदाचं?"

माइक अजून माझ्याच हातात होता. "वाळलं," मी म्हणालो, आणि पालखीला वाट करून दिली.